नानांची तिसरी फेरी

चांगल्या चाललेल्या दुकानाचे किस्से होत नाहीत. बुडालेल्याचे ढीगभर होतात! नव्वदचं दशक संपता संपता मी आणि माझा मित्र सुनील, दोघांनी धुळ्यात आग्रा रोडजवळ कॉम्प्युटर गेमचं दुकान काढलं. त्याचे किस्से आम्ही आजही एकमेकांना सांगतो आणि हसतो.

अडचण एकच. गिऱ्हाईक यायचं मे महिन्याच्या सुट्टीत, आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली माणूस टिकत नव्हता, तिथे ग्राफिक्स कार्ड काय टिकणार? कार रेसची तिसरी, शेवटची फेरी लागली की कार्ड तापायचं, पडद्यावर रंगीत चौकोन नाचायचे आणि मशीन हँग!

*

आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गल्लीतले नाना. तीस वर्षं त्यांनी सावद्याची केळी ट्रकने दिल्लीला नेली. मग अर्धांगवायूने डावा पाय गेला आणि ट्रक सुटला. पहिल्या दिवशी मशीनसमोर बसले आणि टेबलाखाली वाकून बघू लागले.

"क्लच कोठे शे?"

"नाना, याला क्लच नसतो."

नानांनी डावा पाय हाताने उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग हाई गाडी मनी शे!"

गाडी त्यांची झाली, आणि तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. नंबर कितवाही येवो, पण एकदा शर्यत पुरी करायची.

*

त्याच दिवशी तिसऱ्या फेरीत चौकोन आले. "रस्तावर हाई काय सांडनं रे?" म्हणत नानांनी ब्रेक दाबला. नेमकं तेव्हाच मशीन हँग झालं. गाडी जागच्या जागी थिजली.

नाना खूश. "ब्रेक भारी शे!"

*

सुनीलने उपाय काढला. कॅबिनेट उघडून समोर वाळ्याचा कूलर लावला. पाऊण तास मशीन मस्त चाललं. मग आत 'टप्' असा आवाज झाला आणि वाळ्याच्या वासात जळका वास मिसळला.

"झालं कार्ड थंड," सुनील म्हणाला. "कायमचं!"

*

जळगावहून दुसरं कार्ड आणलं. विकणारा म्हणाला, "खोलीत एसी बसवा."

"साहेब, आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारभर लाइट नसते."

"मग तर प्रश्नच मिटला. कार्ड तापणारच नाही!"

*

पुढच्या मे महिन्यात नाना एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आले.

"रेडिएटर कोठे शे?"

सुनील मशीनच्या आडवा पडला. नाना चिडले. "सेंधवाना घाटमा गाडी तापनी का आम्ही थांबूत, पानी टाकूत, मंग निघूत. तुम्ही थांबतसच नई!"

एरवी मी हसलो असतो. पण सकाळपासून एकही मशीन चालू नव्हतं, आणि दाराशी आलेली तीन गिऱ्हाइकं मी परत पाठवली होती. तांब्यातलं पाणी शेवटी सुनीलने स्वतःच्या डोक्यावर ओतलं.

*

डिसेंबरात दुकान बंद केलं. मशीनं एका टायपिंग क्लासने घेतली, टेम्पो चारला येणार होता. साडेतीनला मी नानांना बोलावून आणलं. आता नाही तर कधीच नाही, एवढं मलाही कळत होतं.

बाहेर हवा गार. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी लागली तरी एकही चौकोन नाही! मी कार्डाला हात लावून बघितला, जेमतेम कोमट होतं. नाना सगळ्यांच्या पुढे होते. सुनील स्टुलावर चढून ओरडत होता, "दाबा, नाना, दाबा!"

शेवटची रेषा समोर दिसायला लागली आणि नानांनी बटणावरचं बोट उचललं. गाडी हळू होत होत कडेला थांबली. मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे उतरत होते. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"नाना, चला ना! पोहोचलात तुम्ही!" माझा आवाज रडवेला झाला होता.

नानांनी कॅबिनेटवर हात ठेवला.

"थांब रे. दूरथीन येल शे गाडी. जरा गार व्हऊ दे."