कुडातली बेशरम

आमच्या स्वयंपाकघराची भिंत कुडाची होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात नाल्यातून बेशरमीच्या काड्या तोडून आणल्या आणि हिरव्याच उभ्या करून वर शेणमाती लिंपली. काड्या आधी उन्हात कडकडीत वाळवायच्या असतात, नाहीतर त्या भिंतीतच फुटतात, हे सगळ्या पुसेगावाला ठाऊक आहे. पण कामात धीर म्हणून मामाजींना नव्हताच. पाऊस लागायच्या आत, त्याच भिंतीजवळच्या खाटेवर ते झोपेत गेले.

आमच्यात माणूस गेल्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठात जे उमटलेलं दिसेल, त्या जन्माला माणूस गेला म्हणायचं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. दिरांना चिमणीचं पाऊल दिसलं. मला विचाराल तर मुंगळा फिरला होता. सासूबाई म्हणाल्या, "पान हाय."

आषाढात भिंतीतून पान आलं. घराच्या आत, बरोबर खाटेच्या उशाशी, शेणमातीला तडा देऊन. मी तो कोंब खुडून चुलीत टाकला. चार दिवसांत तिथं जुडगाच उभा राहिला. मी पुन्हा हात घातला तर सासूबाईंनी मनगट धरलं.

"त्यायले काहून तोडून राहिलीस, माय?"

त्यायले, म्हणजे मामाजींना! मला रागच आला. टोचाल तिथं रुजणारी, नाले गिळणारी ही बेशरम, तिचा कोणी देव करतं का? पण सासूबाई तिला रोज तांब्याभर पाणी घालू लागल्या. हळदीचा भाव, लेकरांच्या खोड्या, सगळं तिला सांगू लागल्या. माझे मालक म्हणाले, "राहू दे. मायच्या पोटात दोन घास तरी जाऊन राहिले." ते खरं होतं. मामाजी गेल्यावर ताट सरकवून देणारी बाई आता भिंतीकडं तोंड करून जेवत होती. उपटली तर सासूबाई खचणार, ठेवली तर घर जाणार, अशी गत झाली.

भिंत फुगत चालली. फांद्या पत्र्याला लागल्या, भांड्यांच्या फळीवरून वाकून आत येऊ लागल्या. भाकरी थापताना पाठीमागून कोणी बघतंय असं वाटायचं. वारा नसताना एखादं पान हलायचं. मी भ्याले होते, अगदी वाईट भ्याले होते. बोलले मात्र कोणाला नाही.

भिंतीपलीकडं शेळ्या बांधलेल्या असत. काड्या तिकडूनही फुटल्या. शेळी सहसा या विषारी बेशरमीला तोंड लावत नाही, पण एकदा चटक लागली की दुसरं काही खात नाही. मामाजींनी बाटलीनं दूध पाजून जगवलेल्या शेळीलाच ती लागली. मान थरथरायला लागली, पाय लटपटायला लागले. एका दुपारी ती बसली ती उठलीच नाही.

सासूबाई तिच्याजवळ बराच वेळ बसल्या. मग आत आल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, "हे ते न्हाईत. ते असते तर तिला खाऊ दिलं नसतं. टाक उपटून."

हेच ऐकायची मी इतके दिवस वाट बघत होते. खुरपं घेऊन भिंतीपुढं बसले, फांदी धरली, आणि हात तिथंच थांबला. दुसऱ्या हातानं मी डोक्यावर पदर ओढून घेतला होता. कधी घेतला, मलाच कळलं नाही. मामाजींसमोर मी कधी उघड्या डोक्यानं गेले नव्हते.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. एकटीनं त्यांनी भिंत मुळापर्यंत खणली. पांढरा चीक कोपरापर्यंत ओघळला. सगळं बाहेर फेकून झाल्यावर त्या भगदाडासमोर खाली बसल्या आणि मामाजी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडल्या.

मग मला म्हणाल्या, "पदर घे खाली, माय. आता कोनी न्हाई इथं."