महागडी पाठ

ती रोज सकाळी आमच्या खेडच्या बाजारातून धावत जायची. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा ती थेट माझ्या चपलांच्या दुकानात शिरली आणि जागच्या जागी उड्या मारतच म्हणाली, "काका, रत्नागिरीच्या शर्यतीला स्पॉन्सर हवाय. बुटांचं नि प्रवासाचं बघा, तुमच्या दुकानाचं नाव टी-शर्टवर छापते."

"बूट घालून धावणार आणि जाहिरात चपलांची?"

"मग? शर्यत संपल्यावर काय घालते मी?"

टी-शर्टची पाठ महाग, असं तिनं सांगितलं. "मी पुढं असणार, काका. मागचे सगळे तुमचं नाव वाचत येणार."

मी ऐटीत पाठ घेतली. समोरच्या बेकरीवाल्याला पुढची बाजू गेली, म्हणून मनातल्या मनात हसलोही.

ती पहिली आली. पेपरात फोटो छापून आला, त्यात बेकरीचं नाव ठळक! तणतणत बेकरीत गेलो, तर त्याला तिनं वेगळंच सांगितलेलं: "पुढची बाजू महाग. फोटो पुढूनच काढतात."

दुसऱ्या दिवशी तिला अडवलं. तिच्या उड्या चालूच.

"खोटं काय बोलले, काका? फोटो पुढूनच निघाला, नि मागचे पाठ वाचतच आले. आता बाह्या मोकळ्या आहेत."

"बाह्या कोण वाचणार?"

"ज्यांना मी मागं टाकत जाते, ते."

मी निमूटपणे डावी बाही घेतली. उजवी बेकरीवाल्यानं आधीच उचलली होती.