रिकाम्या काचेची लुकलुक

अर्धा रस्ता सरला तरी भाऊचं तोंड थांबलं नव्हतं. बस बंद, म्हणून प्रयोगशाळेतून ताई त्याच्याबरोबर पायी निघाली होती. एकटी आले असते तर देवाचं नाव तरी घेता आलं असतं, असं तिला वाटत होतं.

भाऊ म्हणजे तिचा धाकटा, घरातला शास्त्रज्ञ. लहानपणी कुणाचंही घड्याळ उघडायचा आणि जुळलं नाही की घड्याळालाच नावं ठेवायचा. केस पिकले, खोड तीच. एक गोष्ट मात्र त्याला जमायची. चकाकत्या खनिजाला चिकटपट्टी लावून डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ पापुद्रा सोलून काचेवर बसवायचा. प्रकाश टाकला की तो पापुद्रा मंद उजळतो. त्यावर हृदयाच्या पेशी वाढवल्या, तर त्यांच्यातली वीज चढेल-उतरेल तसा उजेड कमीजास्त होतो. तारा नकोत, सुया नकोत, नुसतं बघायचं. कल्पना दुसऱ्यांची, पण भाऊ सांगताना छाती अशी फुगवायचा, जणू हृदयच यानं शोधलं.

ताईची सून त्याच्याच हाताखाली पदवीसाठी राबत होती. पडद्यावर उजेड लुकलुकू लागला, तेव्हा ती म्हणाली होती, मामा, एकदा पेशी नसलेला पापुद्राही बघू या. रिकाम्या घराचं दार वाजवतेस का, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले.

आज पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं, म्हणून बहिणीलाही बोलावलं होतं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नेमकी तीच, पेशी नसलेली रिकामी काच मागितली. तीही लुकलुकली, अगदी तश्शीच. शेजारच्या पंपानं टेबल हलत होतं, उजेड त्याच्या तालावर नाचत होता. दुसऱ्या काचेवरच्या पेशी तर कधीच मेल्या होत्या. ताईला त्यातलं फारसं कळलं नाही. भावाचा चेहरा तेवढा कळला.

रस्ताभर त्यानं पंपाला शिव्या घातल्या, टेबल करणाऱ्याला घातल्या, त्या बाईंना घातल्या. स्वतःचं नाव तेवढं राहिलं. मग एकदम आवाज मऊ झाला. आईमागे तूच माझी आई, म्हणाला. ताईनं ओळखलं, गूळ लागला म्हणजे आता कडू गोळी येणार.

"ताई, सून तुझा शब्द मोडत नाही. रिकामी काच बघायचं मी सांगितलं होतं, तिनंच हयगय केली, एवढं तिला उद्या वरिष्ठांसमोर बोलायला लाव. तिची पदवी जाईल, पण पोर तरणी आहे, पुन्हा करील. माझं काय?"