आप्पा स्टाफमध्ये गेले

आमच्या कुरकुंभच्या कंपनीत कुणी किस्सा सांगायला बसला की तो आप्पांचा असतो, आणि बहुतेक वेळा जुनाच असतो. नवा घडायला कुणीतरी वाकडं वागायला हवं ना! आम्ही सगळे आता सरळ झालोय. शिफ्ट, बीपीची गोळी, झोप. कंटाळा येतो, पण चालतं.

*

सेफ्टी वीकमध्ये हात पुढे करून शपथ घ्यायची पद्धत. शपथ झाली, सगळ्यांचे हात खाली आले. आप्पांचा तसाच!

"आप्पा, संपली शपथ," साहेब म्हणाले.

"व्हय. पर हात बघून घ्या की. अ‍ॅसिडनं सोललाय. हातमोजं कवा येणार?"

त्याच आठवड्यात आले.

*

कंत्राटी कामगारांना कॅन्टीनमध्ये पंख्याखाली बसू देत नसत. आप्पांनी अर्ज लिहिला. आम्हीही सह्या केल्या, पण गोलाकार! पहिलं नाव कुणाचं ते कळायला नको म्हणून.

साहेबांनी कागद चारी बाजूंनी फिरवला. "वरची बाजू कुठली?"

आप्पांनी कागद घेऊन स्वतःची सही वर आणली. "अशी धरा. आता वाचा."

आम्ही आपापल्या बुटांकडे बघत होतो.

*

तेव्हाचा आमचा 'एकजूट' व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे. गुड मॉर्निंग आणि वाढदिवस, बस. मध्ये एकानं टाकलं, "कॅन्टीनच्या डाळीत डाळ कुठं हाय?" पाच मिनिटांत डिलीट! खाली खुलासा, "नातवानं टाकलं व्हतं."

नातू अजून रांगतोय.

*

आणि मग आप्पाच कामगारांतून उठून साहेबांच्या बाजूला, स्टाफमध्ये गेले. शिफ्ट इन्चार्ज! मुलीचं लग्न जमत होतं. मुलगा आमच्याच कंपनीतला, साहेबांच्या शब्दावर लागलेला. खुटबावला घरी वहिनींनी आप्पांना बजावलं, "तोंडात लवंग धरा. बोलावंसं वाटलं की चावा."

महिनाभर मीटिंगमध्ये नुसता लवंगेचा वास! शेवटी साहेबच घाबरले. "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकच माणूस उरला होता आमच्यात, तोही गेला असं वाटलं.

*

परवा टाकी साफ करायची होती. आत विषारी गॅस आहे का ते तपासायचं मीटर बंद. बिहारचा एक नवा कंत्राटी माणूस उतरायला उभा. साहेब म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे. उतरवा."

आप्पांनी टाकीचं झाकण लावलं आणि त्यावर मांडी घालून बसले. "आधी मीटर आणा."

"प्रॉडक्शन थांबलंय, आप्पा! उठा."

"न्हाई."

आवाज जुनाच होता, पण कपाळावर घाम दिसत होता. साहेबांनाही दिसला. त्यांनी सरळ वहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, आप्पांना समजावा. टाकीवर बसलेत. उठले नाहीत तर नोकरी जाईल. जावयाचंही अवघड होईल."

"अगं बाई! साखरपुड्याचं बोलायला पाव्हणं आल्यात हितं. का बसल्यात ते?"

"मीटर बंद आहे. म्हणतात, तपासल्याशिवाय माणूस आत सोडणार नाही."

पलीकडून कपबशांचा आवाज येत होता. आप्पा झाकणाकडे बघत बसलेले.

मग वहिनी म्हणाल्या, "मग त्यांचा डबा तिकडंच पाठवू का?"