दत्ताच्या रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं

"भाऊजी, हे गेले," फोनवर सुधावहिनी म्हणाल्या आणि पुढे, "गाडीची किल्ली तुमच्याकडे द्यायची, असं परवाच म्हणाले होते." मला रडू आलं नाही, आधी राग आला. सात महिने माझ्यापासून तोंड फिरवून बसला हा माणूस, आणि जाताना पस्तीस वर्षांचं पांढरं खटारं माझ्या गळ्यात मारून गेला.

शोकसभेत एका गृहस्थांनी त्याला अजातशत्रू म्हटलं. त्यांनी दत्ता पाहिलेला नसावा. दत्ता अन्नभेसळ पकडणाऱ्या खात्यात होता. दुधात पाणी आहे का ते सांगणारी काचेची नळी, म्हणजे लॅक्टोमीटर, तो निवृत्तीनंतरही खिशात घेऊन फिरायचा. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आला तेव्हा दुधाच्या पातेल्यात ती नळी सोडून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमचा दोष नाही. गवळी बदला." चहा घेतला नाही तो नाहीच. आम्ही गवळी बदलला, ही गोष्ट वेगळी.

मी तीस वर्षं इंजिनाच्या कारखान्यात चाचणी विभागात काढली. गाडीबद्दल मला चार गोष्टी कळतात, असं आख्खी धायरी मानत होती, एक दत्ता सोडून. त्याच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये गंज धरला तेव्हा मीच त्याला कूलंट आणायला लावलं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, इतकं सोपं गणित. तर याने बाटलीवरची सूचना चष्मा पुसून दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हणजे भेसळ कंपनीच करायला सांगते. छापून!" मी समजावलं, की अरे, उष्णता वाहून नेतं ते पाणी, कूलंट गंज थांबवतं, उकळणं लांबवतं, दोन्ही लागतं. "गवळीही असंच काहीतरी सांगायचे," तो म्हणाला, आणि सगळं कूलंट निव्वळ, एक थेंब पाणी न घालता, ओतून मोकळा झाला. अशा माणसाला शिकलेला म्हणायचं आपल्याकडे.

गावात गाडी चालली. इथल्या वाहतुकीत ती धावतच नाही, तर तापणार कधी? पण गेल्या वर्षी वहिनींचं कुलदैवत म्हणून आम्ही जेजुरीला निघालो आणि दिवे घाटात निम्म्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन खडखडायला लागलं. गाडी कडेला घेतली. वहिनी ओटीचं ताट मांडीवर धरून उन्हात दगडावर बसल्या. मी म्हटलं, "आता तरी म्हण, चुकलो." दत्ता म्हणाला, "घाटच चढा आहे." मग मात्र माझा तोल गेला. वहिनींच्या देखत, थांबलेल्या चार अनोळखी लोकांच्या देखत मी बोललो, "जन्मभर दुसऱ्यांच्या दुधात नाक खुपसलंस. स्वतःचं असं एक काम तरी धड आलं का तुला?"

गाडी निवल्यावर तो वहिनींना घेऊन गेला, मला न विचारता. मी एसटीने परत आलो. त्यानंतर सात महिने त्याने मला ओळख दाखवली नाही आणि माझंही काही अडलं नाही. चुकलो हा शब्द आधी कोणी म्हणायचा, एवढाच प्रश्न होता... दोन सत्तरीच्या माणसांचा.

तो दवाखान्यात आहे कळलं तेव्हा मी शब्द तोंडात घेऊनच गेलो. खोटं कशाला बोलू, म्हणणारच होतो. त्याने सलाइनच्या बाटलीकडे बोट केलं. "यात पाणी किती?"

"जवळजवळ सगळंच," मी म्हटलं. आता सापडला, असं वाटलं मला. त्या वेळीसुद्धा.

"तरीच गुण येत नाहीये," दत्ता म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. मला हसू आलं, त्यालाही आलं असावं. माझा शब्द तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन.

तेरावं झाल्यावर गाडी माझ्या दारात आली. इंजिन थंड होतं. रेडिएटरचं झाकण उघडून मी कूलंटमध्ये पाणी किती ते मोजायची नळी आत सोडली. म्हटलं, सात महिन्यांत कधीतरी गुपचूप पाणी घातलं असेल, मला कळू न देता. कसलं काय. निव्वळ. बेट्याने मरेपर्यंत थेंब घातला नव्हता. आणि तरीही किल्ली माझ्याकडेच पाठवली, कारण इथे काय होणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मी आणून ठेवला होता. निम्मं काढायचं, निम्मं घालायचं, अर्ध्या तासाचं काम. कॅनचं बूच उघडून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. उलट उत्तर देणारा गेल्यावर वाद जिंकायचा, ही कसली मर्दुमकी? "चुकलो रे," मी बॉनेटला म्हटलं. बॉनेटला! तीस वर्षं इंजिनं तपासलेला माणूस मी.

झाकण परत लावलं. दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू करतो, काट्यावर नजर ठेवतो आणि बंद करतो. घाट सोडाच, सोसायटीच्या फाटकाबाहेरही नेत नाही. कोणी विचारलंच तर सांगतो, आत भेसळ नाही.