पाहुणीसाठी जारचं पाणी

बर्फावर संशोधन करणारी माणसं ऐन मे महिन्यात आमच्या औरंगाबादेत येणार, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच सावलीत बसवून कांदा हुंगायला दिला असता. पण आली. मी तेव्हा एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी तळाला गेलं होतं आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत होतं. बजाजनगरच्या पलीकडं आम्ही राहायचो, तिथं चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी उभी असायची. आता प्लॉट पडले, घरं झाली, घरांना नळ आले. नळाला पाणी तेवढं आठ-दहा दिवसांनी यायचं.

त्या लोकांचं काम असं होतं. उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटावर बर्फाचा अवाढव्य थर वितळतोय. एक गट तो थर मोजत होता आणि दुसरा त्याच्या काठावरच्या गावांत माणसांच्या तब्येती तपासत होता. पूर्वी तिथली माणसं स्वच्छ बर्फ फोडून आणायची, वितळवून प्यायची. आता बर्फाचा भरवसा राहिला नव्हता, ओढे गढूळ झाले होते, गोठलेली जमीन सैल पडून पाइप वाकले होते. मग पाणी कॅननं आणून घरात पिंपात साठवायचं. त्यात लहान मुलांची पोटं बिघडू लागली. साठवलेलं पाणी घरात नेमकं कुठं बिघडतं, हे त्यांना दुसऱ्या एखाद्या ठिकाणाशी ताडून बघायचं होतं. पाणी साठवण्यात आमचा हात कोण धरणार?

माझा त्यात स्वतःचा मतलब होता. माझ्या थोरल्या जाऊबाईंची नात, जेमतेम दोन वर्षांची, सारखी जुलाबानं आडवी व्हायची. एकदा सलाइन लावताना तिची शीर सापडेना, तेव्हा मी दवाखान्याबाहेर जाऊन रडले होते. पण घरचं पाणी तपासायचं नाव काढलं की जाऊबाई म्हणायच्या, "आपल्या घरात घाण नाय." विषय संपला. शिकवायला आख्खं कॉलेज होतं मला, पण घरात माझी डाळ शिजत नव्हती.

पाहुण्यांबरोबर त्या बर्फाकाठच्या गावातली एक आरोग्यसेविका आली होती. जाऊबाईंच्याच वयाची, ठेंगणी, हसरी. ऊन तिला सोसेना, म्हणून मी गुलमंडीच्या बाजारातून सुती पंचा आणून दिला. तो ओला करून डोक्यावर घ्यायची आणि आमच्या पुढं चालायची. गल्लीतल्या घराघरांतून आम्ही औषध घातलेल्या छोट्या बाटल्यांत पाणी भरून आणलं. पाणी खराब असलं की ती बाटली दिवसभरात काळी पडते.

एकही बाटली काळी पडली नाही.

घरोघरी पोटं बिघडलेली गल्ली, आणि पाणी म्हणे झऱ्याचं! मी चक्रावले. घरी परत येताना बघते तर प्रत्येक दारात निळा जार. विकतच्या पाण्याचा. विचारल्यावर कळलं, परदेशी पाहुणे पाणी बघायला येणार म्हटल्यावर सगळ्या बायकांनी भांडी लखलखीत घासून त्यात जारचं पाणी भरून ठेवलं होतं. आणि ही मोहीम चालवणारी कोण, तर आमच्या जाऊबाई.

मी भडकलेच. "अक्का, हे काय केलंत? आता आपली गल्ली चांगली म्हणून सोडून देतील. पोरीचं काय?"

"मग काय पाहुणीम्होरं ड्रमातलं पाणी ठेवू व्हय? घराची लाज काढतीस का?" जाऊबाईंचा आवाज माझ्यावर चढला. "लई शिकलीस म्हून काहीबी बोलायचं नाय."

पाहुणी माझ्याबरोबरच घरी आली होती, ओट्यापाशी उभी होती. भांडण कशावरून, तिनं विचारलं. मी शरमेनं सांगून टाकलं. तर ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग जाऊबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि सांगू लागली. मी एकेक वाक्य मराठीत करत होते.

तपासणी करणारे पहिल्यांदा त्यांच्या गावात आले, तेव्हा तिनंही हेच केलं होतं. घरचं पिंप झाकून ठेवलं आणि दवाखान्यातलं पाणी पुढं केलं. सगळ्या गावानं तसंच काहीबाही केलं. गाव स्वच्छ ठरलं. पुढच्या हिवाळ्यात तिच्या नातवाला जुलाबानं अंगातलं पाणी संपल्यामुळं हेलिकॉप्टरनं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं.

जाऊबाई तिच्याजवळ सरकल्या. मग मला म्हणाल्या, "इचार तिला, आता पोरगं कसं हाय?"

बरा आहे, धावतो, असं तिनं हातानंच करून दाखवलं. जाऊबाई उठल्या, न्हाणीशेजारच्या ड्रमाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "घे. ह्येच पितो आमी."

दुसऱ्या दिवशी ती बाटली काजळासारखी काळी झाली. ती जाऊबाईंना कशी दाखवावी, या विचारात मी होते, तर त्यांनीच माझ्या हातातून ओढून घेतली. बघितली. आणि त्या तडक गल्लीत गेल्या. टँकरपाशी बायका जमल्या होत्या. त्यांच्यापुढं बाटली उंच धरून जाऊबाई ओरडल्या, "बघा गं! माझ्या घरचं पानी हाय. माझी नात ह्येच पीत व्हती. आता तुमचं आना, खरं आना!"

आयुष्यभर घराच्या अब्रूला जपलेली बाई. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की पाया पडावंसं वाटलं.

बायकांनी पाणी आणलं, या वेळी ड्रमातलंच. नळाला पाणी आलं तेव्हा थेट नळाचंही तपासलं, ते बऱ्यापैकी निघालं. बिघडत होतं ते ड्रमात बुडणाऱ्या हातांनी आणि तांब्यांनी. गट परत गेला तेव्हा त्यांच्याकडं आमच्या गल्लीची खरी माहिती होती, आणि पाहुणीला तिच्या गावात जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. आमच्या ड्रमाला खाली तोटी बसली आणि पाण्यात जंतू मारणाऱ्या औषधाचे थेंब पडू लागले.

पुन्हा तपासलेली बाटली स्वच्छ निघाली, त्या दिवशी जाऊबाईंनी तोटीखाली पेला धरला. आधी स्वतः घोट घेतला, मग नातीला दिला. पोरीनं पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. बाहेर सगळा मुलूख पाण्यासाठी वणवण करत होता. जाऊबाईंनी पेला काठोकाठ भरला.

"पी गं माय," त्या म्हणाल्या, "पोटभर पी."