एकशे आठ टाके

तापलेल्या रेक्झिनचा आणि ते चिकटवायच्या सोल्यूशनचा तो उग्र, किंचित गोडसर वास कुठेही आला, की मला आधी एक कान आठवतो. कानाशी धरलेला चेंडू, मिटलेले डोळे, चेंडूला दिलेले दोन हलके झटके, आणि मग निकाल सांगावा तसं वाक्य: "बोलून राह्यला, मॅडम."

चेंडू बोलतो म्हणजे त्याच्या आतली लोकरीची गुंडाळी सैल होते आणि हलवताच कातड्याला आतून घासते, हे मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी मात्र मी त्यांच्या तोंडाकडे नुसती पाहत राहिले होते.

चिखलीच्या बसस्थानकासमोरच्या रांगेत मोटारसायकलच्या सीटांना कव्हर शिवण्याचं त्यांचं दुकान. मी जवळच्याच मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या शाळेत बेसबॉलचा संघ आहे म्हटलं की पाहुणे हसतात. पण आहे, आणि चांगला आहे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक शिक्षिका लागते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खेळाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. उसवलेले चेंडू पिशवीत भरून दुरुस्तीला नेणं, हा माझा त्या खेळातला पहिला सहभाग. नवे चेंडू वर्षातून एकदाच येत, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या शिवणी दात विचकू लागत.

त्या दुकानात ते गादीवर मांडी घालून बसलेले असत. शर्टाच्या कॉलरला अडकवलेलं दाभण, मांडीवर मेण लावलेला दोरा. त्यांनी पहिला चेंडू घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि टाके मोजायला लागले. मी बाकावर बसून राहिले. शेवटी त्यांनी मान वर केली. एकशे आठ, म्हणाले. जपमाळेचे मणी जेवढे, तेवढेच टाके. ज्याने कोणी हा चेंडू पहिल्यांदा शिवला तो देवमाणूस असला पाहिजे, असं त्यांचं मत झालं आणि ते कधी बदललं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना खेळ आवडतो की खेळातली एखादीच वस्तू, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. आपली शिवण टिकते का, हे पाहायला ते एका संध्याकाळी मैदानावर आले. शिवण टिकली. "माह्या हातचा टाका उसवत नाई," एवढं बोलून ते जातील असं मला वाटलं होतं. ते सात वर्षं येत राहिले. साडेपाचला दुकानाचं शटर अर्धं खाली, हातात प्लॅस्टिकचं स्टूल, आणि जाळीच्या मागे ठरलेली जागा. त्यांच्या मागोमाग शेजारचा चहावाला आला, मग दोन जीपवाले. पाहता पाहता आमच्या मुलींना प्रेक्षक मिळाले.

नियम ते आपल्या सोयीने शिकले. चार चेंडू वाईट पडले की फलंदाजाला न मारता पहिल्या बेसवर जाता येतं, हा नियम त्यांना कधीच पटला नाही. काही न करता बक्षीस कशाचं, असं ते दर वेळी नव्याने चिडून विचारत. एकदा पंचाने आमच्या मुलीला बाद दिलं, तेव्हा ते कॉलरचं दाभण काढून थेट मैदानात शिरले. आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना हात जोडून बाहेर जायला सांगितलं. त्यांनी स्टूल उचललं, चुन्याच्या रेषेपलीकडे बरोबर एक वीत अंतरावर ठेवलं आणि तिथून उरलेलं भांडण पूर्ण केलं.

मग आरती आली. चिखलीपासून जीपने वीस मिनिटांवरच्या गावातली, आठवीतली, हडकुळी. तिची आई मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवते आणि बाजाराच्या दिवशी चिखलीत पाल टाकून विकते. खेळाच्या सरांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि मातीच्या उंचवट्यावर उभं केलं. पलीकडे बसलेल्या मुलीच्या हातमोज्यात तो चेंडू शिरला तेव्हा जो आवाज झाला, तसा मी त्या मैदानावर आधी ऐकला नव्हता: ओल्या चादरीचा पिळा दगडावर एकदाच आपटावा तसा. जाळीमागचे डोळे आपोआप मिटले. पुढची दोन वर्षं ते आरतीचा खेळ पाहत नसत, ऐकत असत.

दोनदा आम्ही अमरावतीला विभागीय फेरीत हरलो. गेलं वर्ष तिचं दहावीचं, सतरा वर्षांखालच्या गटातलं शेवटचं. यंदा राज्यस्तर गाठायचा, हे त्यांनी तिच्या वतीने, तिला न विचारता ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घरी सराव करता यावा म्हणून त्यांनी सहा चेंडू खास बनवले. जुन्या चेंडूंतली, मागच्या पावसात भिजून कुजलेली लोकर त्यांनी काढून टाकली. आत रेक्झिनच्या चिंध्या, त्यावर नायलॉनचा दोरा दाताने ओढून ओढून गच्च गुंडाळलेला, वरून जुन्या जीपच्या सीटचं कातडं, आणि टाके एकशे आठ. कानाशी धरून त्यांनी एकेक चेंडू मला हलवून दाखवला. एकही बोलत नव्हता. "आता हे काई पावसाच्या बापाले ऐकत नाई," ते म्हणाले. आरतीने ते सहा चेंडू ओढणीत बांधून नेले आणि अडीच महिने गोठ्याच्या भिंतीवर गोणपाट टांगून, रोज, फेकले.

हंगामाचा पहिला सामना बुलढाण्याला होता. दुसऱ्या डावात तिने हात मागे नेला, चेंडू सुटला, आणि हातमोज्यातला आवाज आलाच नाही. चेंडू वाटेत मातीत पडला होता. आरती उजवं कोपर डाव्या हाताने असं धरून उभी होती, जसं कोणी भरलेलं भांडं धरतं. ती रडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. जिल्ह्याचे सामने उरलेल्या मुलींनी कसेबसे ओढून जिंकले. अमरावतीला तीन आठवडे होते. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे फेकायचं नाही. तपासताना त्यांनी सहज विचारलं होतं, ही पोर रोज काही जड उचलते का? सोबत आलेली आई हळूच म्हणाली, पाण्याचे हंडे.

तो एक शब्द चिखलीत आमच्या आधी पोचला.

पुढचे दिवस त्या दुकानात रोज न्यायालय भरलं. चहावाल्याच्या मते बुलढाण्याचं मैदान कडक होतं. जीपवाल्याला कुणाची तरी दृष्ट दिसत होती. ते स्वतः मात्र सगळ्यांवरच चिडलेले. दाभण इतक्या जोरात खुपसत की फोम कळवळेल. सर समोरून जाताना दिसले, तर त्यांनी हाक मारून सुनावलं, "पोट्टीचा हात म्हंजे बोअरची मोटर हाय का हो सर, दिवसभर चालू ठेवाले?" सर बिचारे पुढे चालत राहिले. आणि मग, बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात, आरतीच्या आईच्या पालासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "सोन्यासारखा हात होता. हंडे उचलाले लावले काऊन तिले?" चार गिऱ्हाइकं ऐकत होती. तिने मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधली. मान वर केली नाही.

मलाही राग होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. चेंडू उशिरा पाठवणाऱ्यांवर होता, जन्मतारखेवरून मुलींना खेळाबाहेर काढणाऱ्या नियमावर होता, आणि त्या दिवसानंतर जाळीमागच्या त्या माणसावरही होता.

अमरावतीच्या आधी नव्या चेंडूंची पेटी आली. फोडायचं काम माझंच. चुरगळलेल्या कागदातून पहिला पांढरा चेंडू काढला आणि माझा हात अपेक्षेपेक्षा वर गेला. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. कपाटात आरतीने परत आणून दिलेले सहा चेंडू होते. त्यातला एक डाव्या तळहातावर घेतला, नवा उजव्या. मी खेळाडू नाही, तरी डावा हात खाली जातोय हे मला कळलं. तिथेच खुर्चीवर बसले.

दोन दिवस मी गप्प राहिले. दया म्हणून गप्प राहिले असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगते, अशा माणसाला हे सांगताना त्याच्या तोंडाकडे पाहायचं कसं, हेच मला सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आरतीची आई शाळेत आली आणि दारातच उभं राहून तिने विचारलं, तिच्या हाताचं माझ्यामुळे झालं, हे शाळेच्या कागदावर लिहिणार का? तिला घरी पाठवून मी दोन्ही चेंडू पिशवीत टाकले आणि दुकानात गेले.

दोन्ही चेंडू गादीवर ठेवले. त्यांनी सवयीने नवा चेंडू कानाशी नेला, आणि अर्ध्या वाटेत हात थांबला. त्यांनी तो खाली ठेवून आपला उचलला. मग पुन्हा नवा. सात वर्षं जाळीमागून मैदान पाहणाऱ्या त्या माणसाने नवा, कोरा चेंडू कधी हातातच घेतला नव्हता, हे मला त्या क्षणी उमगलं. त्यांच्याकडे येत ते भिजलेले, फुगलेले, जीर्ण चेंडू. टाके त्यांनी मोजले होते. वजन कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

बाहेर एसटी लागत होती, चहावाला कुणावर तरी 'अबे, अबे' करून ओरडत होता. त्यांनी कात्री घेतली आणि आपल्या चेंडूची शिवण टाका टाका करत उसवायला सुरुवात केली. शेवटचा टाका सुटला तेव्हा आतला काळा, घट्ट गोळा मांडीवर पडला. रेक्झिनचा वास आला. त्यांनी विचारलं, बाजार कधी आहे?

बाजाराच्या दिवशी मला सोबत या म्हणाले. मला वाटलं ते माफी मागतील. त्यांना तसं काही बोलता येत नव्हतं. आरतीच्या आईच्या पालासमोर उकिडवे बसले. तराजूच्या एका पारड्यात नवा चेंडू ठेवला, दुसऱ्यात आपला, न उसवलेल्या पाचांतला एक. ते दुसरं पारडं खाली गेलं आणि मेथीच्या ओल्या पोत्याला टेकलं. भोवतीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हे म्या देल्लं होतं तिले. हंड्यानं नाई झालं."

ती पारड्याकडे पाहत राहिली. डॉक्टरांचं नेमकं म्हणणं काय होतं, हंडा की चेंडू, की दोन्ही, की वाढतं हाड, हे आजही कोणी खात्रीने सांगणार नाही. पण त्या बाईच्या खांद्यांत त्या वेळी जे सैल झालं, ते मी पाहिलं. तिने दोन्ही चेंडू उचलले, पारडी पदराने पुसली आणि सावकाश म्हणाली, "पंधरा दिवस झाले, घरात कोनाशी बोलली नाई मी. हे आधी सांगतलं असतं तं."

ते उठले. जाताना त्यांनी सांबार घेतला नाही, काही घेतलं नाही. माझ्यासाठीही थांबले नाहीत.

अमरावतीला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. वाईट हरलो. आरती राखीव खेळाडूंच्या बाकावर, हात गळ्यात बांधून, प्रत्येक चेंडूला डावी मूठ आवळत होती. परतीच्या गाडीत कोणी गाणी म्हटली नाहीत.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. चहावाला येतो, जीपवाले येतात, नियमावरून भांडायला कोणी नाही म्हणून लवकर जातात. मी चेंडूंची पिशवी घेऊन गेले, तर ते ती परत माझ्याकडे सरकवत. खामगावात एक जण चांगलं शिवतो म्हणाले. सीटांची कव्हरं मात्र पूर्वीसारखीच शिवतात, दाभण कॉलरला, दुकान रात्रीपर्यंत उघडं. साडेपाचला शटर अर्धं खाली येत नाही, एवढाच फरक. तो फक्त माझ्यासारख्या, त्या वेळी त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला दिसतो.

या जानेवारीत एका संध्याकाळी आरती मैदानावर आली. आता ती अकरावीत आहे, आमच्या गटात बसत नाही, आमच्यासाठी खेळू शकत नाही. सहज आले, म्हणाली. सरांनी नवा चेंडू दिला. तिने आधी दहा पावलांवरून फेकला, मग वीस, मग उंचवट्यावर चढली. हातमोज्यात आवाज झाला. पूर्वीइतका भरदार नव्हता, पण झाला.

मी तशीच बसस्थानकाकडे चालत गेले. खडूने भरलेले हात धुवायचं राहून गेलं होतं. ते एका सीटवर वाकलेले होते. मी बाकावर बसले आणि सांगितलं, आरतीने आज चेंडू फेकला. पाच-सहा वेळा फेकला. सर म्हणतात, महाविद्यालयाच्या संघात पुढच्या वर्षी जाईल.

दोरा तसाच अर्धवट ओढलेला राहिला. त्यांनी मान वर केली नाही. गादीकडेच पाहत त्यांनी मला विचारलं, "दुखलं?"